दर्या दौलतीच्या भिंतीपाशी

म्हैसूरला आलेला प्रवासी मोठ्या राजवाड्याच्या वैभवाने दिपून जातो आणि बहुधा तेथूनच परततो. आमचा मुक्काम सरस्वतीपुरममध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी स्नेह्यांकडे होता. त्यांच्या आग्रहावरून एके दिवशी सकाळी आम्ही शहरापासून सुमारे १५ किलोमीटरांवर असलेल्या श्रीरंगपट्टणास गेलो. त्यांचा १० वर्षांचा मुलगाही बरोबर होता.

कावेरीने वेढलेल्या या बेटावर, किल्ल्याच्या तटाबाहेर ‘दर्या दौलत’ नावाची बाग आहे. फाटकातून हिरवळीमधली सरळ वाट धरावी, तर शेवटी महालाऐवजी सोडलेले हिरवे पडदेच दृष्टीस पडतात. भिंतींवरील चित्रांना ऊन लागू नये म्हणून ही योजना. पडद्यांआड टिपू सुलतानाने १७८४ साली बांधलेला उन्हाळी महाल आहे. उंच जोते, सागवानी खांब, नक्षीदार महिरपी आणि सभोवार ओसरी. आकाराने तो एखाद्या सरदाराच्या वाड्याएवढाच. किल्ल्यातील टिपूच्या मोठ्या राजवाड्याचे आज केवळ अवशेष उरले आहेत; हे लहानसे घर मात्र उभे आहे.

पश्चिमेच्या भिंतीवर १७८० सालची पोल्लिलूरची लढाई रंगविली आहे. हैदर व टिपू यांच्या घोडदळाने वेढलेली इंग्रज पलटण आणि तिच्यामध्ये पालखीत बसलेला जखमी कर्नल बेली. मुलगा बराच वेळ पाहत होता. मग त्याने विचारले, “काका, यात आपण कुठे आहोत?”

प्रश्न साधा, पण उत्तर सोपे नव्हते. त्या वर्षी पुणे दरबार, निजाम आणि हैदर इंग्रजांविरुद्ध एक झाले होते. म्हणजे ही लढाई आमच्या मित्राने जिंकलेली. पुढे १७९२ साली मात्र हरिपंत फडके इंग्रजांच्या जोडीने याच श्रीरंगपट्टणापुढे तळ देऊन होते. टिपूला निम्मे राज्य आणि ओलीस म्हणून दोन मुलगे द्यावे लागले. १७९९ साली टिपू पडल्यावर या महालात कर्नल वेलस्ली राहू लागला. त्यानेच १८०३ साली असईच्या रणांगणावर मराठी फौजांचा पराभव केला.

नवल असे, की इंग्रजांच्या पराभवाचे हे पुसट झालेले चित्र वेलस्लीनेच पुन्हा रंगवून घेतले. पुढे ते पुन्हा विटले, तेव्हा लॉर्ड डलहौसीने मूळ चित्र आठवत असलेल्या एका देशी चित्रकाराकडून ते नव्याने काढविले. पराभव विसरू नये, एवढे शहाणपण जेत्यांजवळ होते.

हे सारे मी मुलाला जमेल तसे सांगितले. संध्याकाळी घरी परतल्यावर आईने त्याला विचारले, “काय पाहिलेस रे?”

तो म्हणाला, “चित्र पाहिले. आधी आपण त्यांच्याकडून होतो, मग इंग्रजांकडून. शेवटी इंग्रज आपल्यावरच आले.”

याहून नेमके उत्तर मलाही देता आले नसते.