चुंबळ

पाहुण्याने वेळेआधी यावे असे कुणालाच वाटत नाही. घर आवरलेले नसते, चूल पेटलेली नसते आणि यजमानाच्या तोंडावरचे हसू अजून धुऊन-पुसून ठेवलेले नसते. दोन वर्षांपूर्वी आखाजीला आमच्या घरी जो पाहुणा आला, तो थोडाथोडका नव्हे, चांगला आठ आठवडे आधी आला.

नरडाणा हे आमचे गाव. सुरत-भुसावळ रेल्वेवरचे आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरचे. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांची आम्हाला सवय आहे. आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांसाठी नवी घागर भरतात. माझी धाकटी बहीण त्यासाठीच सुरतेहून आली होती. सातवा महिना संपून आठवा लागला होता. सणाच्या दिवशी पहाटेच तिला कळा सुरू झाल्या आणि घागर रिकामी ठेवून आम्ही धुळ्याचा रस्ता धरला.

दुपारी मुलगा झाला. वजन एक किलो चारशे ग्रॅम! आई भिंतीला टेकून खाली बसली आणि पुटपुटली, "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही."

हे वाक्य तुम्हीही कुणा आजीच्या तोंडून ऐकले असेल. डॉक्टरीणबाईंनीही ते अनेकदा ऐकले असावे. त्या म्हणाल्या, "आजी, पोटातला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा बळकटच."

आईचा विश्वास बसला नाही. पण ती गप्प झाली.

मी भाच्याला पहिल्यांदा पाहिले ते काचेतून. दोन्ही हात बाजूंना पडलेले, पाय बेडकासारखे फाकलेले. कुणीतरी उंचावरून टाकून दिल्यासारखा तो सपाट पडला होता. मधूनच दचकायचा, हात हवेत उडवायचा, कशाला तरी धरू पाहायचा. धरायला काहीच नव्हते.

एवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी एका मऊ कापडाची लांबोळी गुंडाळी केली, ती बाळाभोवती कड्यासारखी फिरवली, बाळाला अलगद कुशीवर वळवले, गुडघे पोटाकडे घेतले, दोन्ही हात तोंडाजवळ आणले आणि तळपाय त्या गुंडाळीला टेकवले. माझा भाचा दचकायचा थांबला. मूठ ओठाला लावून झोपी गेला.

मागून आईचा आवाज आला, "ओ माय, हाई तं चुंबळच शे!"

घागरीचे बूड गोल. सपाट जागी ती कलंडणारच. चुंबळ तिला बांधत नाही, दाबत नाही. फक्त बसायला जागा करून देते. सिस्टरनी नंतर जे समजावले, त्याचा अर्थ हाच होता. शेवटच्या आठवड्यांत गर्भाशयात जागा अपुरी पडते. बाळ चहूबाजूंनी मुडपले जाते, आणि त्या अडचणीतच त्याच्या स्नायूंना हातपाय आत घेण्याचे वळण लागते. लवकर जन्मलेल्याला हे वळण लागलेले नसते. आठवडेच्या आठवडे तो सपाट पडून राहिला, तर खांदे मागे आणि मांड्या बाहेर अशीच त्याची ठेवण होऊ लागते. शिवाय हातपाय उडवण्यात जी ताकद जाते, ती त्याला श्वास घ्यायला आणि वाढायला हवी असते.

मी मराठीचा प्राध्यापक. 'कूस' म्हणजे शरीराची बाजू आणि 'कूस' म्हणजे गर्भाशयही, हे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहे. पण एका कुशीतून लवकर निघालेल्या जिवाला दुसऱ्या कुशीवर ठेवताना पाहिले, तेव्हा तो शब्द मला प्रथमच कळला.

आईला एक शंका होती. तिने आमची सारी भावंडे दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधली होती. "बांधल्याशिवाय पाय सरळ कसे होतील?" सिस्टर म्हणाल्या, "पाय ताणून बांधले, तर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. कापड गुंडाळा, पण पाय आत हलले पाहिजेत."

पुढचा धक्का मोठा होता. बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभे धरायचे, मान एका बाजूला, पाय दुमडलेले, आणि वरून कापडाने बांधून घ्यायचे. ही रीत डॉ. एदगार रेय यांनी १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू केली. बाळे फार आणि उबेच्या पेट्या थोड्या, अशी तिथे अडचण होती. पुढे भारतासह पाच देशांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. जन्मानंतर लगेच अशी ऊब दिल्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे त्यात दिसले. आपल्या महाराष्ट्रातही डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले, आणि त्यातून किती बाळे वाचली हे १९९९ साली जगापुढे मांडले. पेट्यांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, शिकलेल्या हातांची किंमत असते.

पण आमची अडचण वेगळीच निघाली. बहीण थकली की मेहुण्यांनी बसावे, असे सिस्टर म्हणाल्या. सासूसमोर जावई उघडा! आईने पदर डोळ्यांवर ओढला आणि "वैशाखात कसली आली ऊब?" असा शेवटचा बाण सोडला. पण अंगावर चरबी नसलेले ते पोर वैशाखातही गार पडत होते. मेहुणे चार-चार तास हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईच त्यांना म्हणाली, "जावईबापू, मान जरा सांभाळा."

पाच आठवड्यांनी घरी जायची वेळ आली आणि सिस्टरनी चुंबळ काढून घेतली. "इथं यंत्रं आणि आम्ही रात्रंदिवस लक्ष ठेवून होतो. घरी झोपवताना पाठीवर, सपाट गादीवर. आजूबाजूला उशी नाही, गुंडाळी नाही. श्वास कोंडायला नको." आईने शिवून आणलेली मोहरीची उशी पिशवीतच राहिली.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण वर्ष उलटले तरी बाळ बसेना. उचलले की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. "जन्मतारखेपासून नव्हे, यायला हवा होता त्या तारखेपासून वय मोजा," असे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही तसे मोजले, तरी हिशेब जुळेना. शेवटी निदान झाले: मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंत आलेला ताठरपणा, सेरेब्रल पाल्सी.

बहीण रडत म्हणाली, "दादा, मग ते सगळं केलं ते वायाच का?"

मला उत्तर सुचले नाही. ते व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिले. "कापडाच्या गुंडाळीनं ती इजा टळत नाही. पण शरीराला चांगलं वळण लावलं, तर व्यंगावर व्यंग चढत नाही." मग त्यांनी रीत दाखवली. बाळ जागे असताना, आपल्या नजरेसमोर, छातीखाली गुंडाळी द्यायची, म्हणजे ते कोपरांवर रेलून मान वर करते. बुटक्या पाटावर बसवायचे, तळपाय जमिनीला टेकलेले. आणि उचलायचे ते आडवे नाही. कमरेवर, एक पाय पुढे आणि एक मागे, म्हणजे मांड्या मोकळ्या होतात.

आईने पोराला झटकन कडेवर घेतले. "हे असंच ना? मी साऱ्यांना असंच तर वाढवलं!"

"अगदी असंच, आजी," बाई म्हणाल्या. वर्षभरात आईची कुठली तरी रीत प्रथमच बरोबर ठरली होती.

यंदाच्या आखाजीला घागर भरली. भाचा ओट्यावर पाटावर बसला होता, कमरेमागे पंचाची गुंडाळी, समोर पाण्याने भरलेली परात. तो दोन्ही हातांनी पाणी उडवत होता. आई म्हणाली, "चुंबळ काढून पाहू का रे?" बहिणीने मान हलवली, हो की नाही ते कळले नाही. आईने गुंडाळी हळूच काढली. मी मनात आकडे मोजू लागलो. दहापर्यंत तो ताठ होता. अकराव्याला किंचित कलला, आणि तिथे आईचा हात होताच.