पडीक पडलेला हात



पीकपाण्याविषयी बोलणं हा माझा रोजचाच धंदा. आज जरा निराळ्या मशागतीविषयी सांगतो. तुमच्यापैकी कुणी माहेरी असताना सुरेख रांगोळी काढत असेल, कुणी बासरी वाजवीत असेल, कुणी शाळेत चित्रं रंगवीत असेल. मग संसार आला, पेरण्या-सुगी आली आणि हातची कला मागं पडली. ती परत येते का? येते. कशी येते, ते स्वानुभवानं सांगतो.

शाळेत मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट अशा दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. कृषी महाविद्यालयात किडींच्या आकृत्या काढून वह्या भरल्या. पुढं नोकरी लागली आणि कुंचला सुटला, तो तीस वर्षं. मग आमच्या बांधावरचा जुना आंबा रस्ता रुंद करताना जाणार, असं ठरलं. आई ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, "तुझ्या आज्यानं लावलेलं झाड हाय. फोटू पोरांच्या मोबाइलात ऱ्हातील. मला भितीवर लावायला तू काढून दे." झाड तुटायला चार महिने होते.

पहिल्या दिवशी बुंध्याची रेघ ओढली, ती थरथरत गेली. अशा वेळी एक गंमत होते. डोळ्याला बरं-वाईट पहिल्यासारखंच कळतं, पण हात मागं राहिलेला असतो. म्हणून आपलंच काम आपल्याला पाहवत नाही. बहुतेक माणसं इथंच कागद गुंडाळून ठेवतात. पण वर्षभर दावणीला उभा असलेला बैल आपण पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला जुंपतो का? पडीक रानात पहिल्याच हंगामात ऊस लावतो का? आधी नांगरतो, हरळी वेचतो, ताग गाडतो. हाताचंही तसंच आहे.

पहिले पंधरा दिवस मी झाडाचं नावच काढलं नाही. रोज पहाटे वीस मिनिटं रद्दी वर्तमानपत्रावर नुसत्या रेघा आणि गोल काढले. मनगट न वळवता खांद्यापासून हात फिरवायचा, म्हणजे लांब रेघ सरळ जाते. मग एकेक वस्तू घेतली: वांगं, तांब्या, ज्वारीचं पान. एकाच रंगात पाणी कमी-जास्त करून फिकट ते गडद अशा पाच पायऱ्या केल्या. उजेड कुठून येतो, हे त्यातून पुन्हा कळू लागलं.

नंतर पिवळा, निळा आणि तांबडा एवढेच रंग घेतले. तयार हिरवा घेतला नाही. पिवळ्यात निळा मिसळून हिरवा करावा. जून पानासाठी त्यात तांबड्याचा थेंब टाकावा. जलरंगात फिकट आधी, गडद नंतर. पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडावा. ओला रंग वाळल्यावर फिकट पडतो, हेही ध्यानात ठेवावं. प्रत्येक कागदावर तारीख घातली आणि एकही फाडला नाही. महिन्यानं पहिला कागद शेजारी ठेवला, की फरक आपोआप दिसतो.

याचा कामातही उपयोग झाला. २०१८ साली मक्यावर नवी लष्करी अळी आली. डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची खूण. ती सांगण्यापेक्षा आता मी फळ्यावर काढून दाखवतो. पोरं ती वहीत उतरवून घेतात आणि मक्याच्या पोंग्यात बरोबर ओळखतात.

"आता वय झालं," असं म्हणू नका. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस नावाची शेतकरीण होती. जन्म १८६० चा. लहानपणी ती फळांच्या रसानं चित्रं रंगवी. पुढं शेती, लोणी काढणं, लेकरं यांत जन्म गेला. सत्तरी उलटल्यावर संधिवातानं भरतकामाची सुई धरवेना, तेव्हा तिनं कुंचला धरला. १९४० साली न्यूयॉर्क शहरात तिच्या एकटीच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. १९६१ साली ती वारली, तेव्हा १०१ वर्षांची होती. त्या सालीही ती रंगवीतच होती.

झाड तुटण्याआधी माझी नऊ चित्रं झाली. मला आठवं बरं वाटत होतं, आईनं सातवं निवडलं. बैल बांधून बांधून बुंध्याला पडलेली दाव्याची खाच त्यात नीट उतरली होती. तिनं तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हेच." आंबा आता नाही. चित्र माजघरात आहे.

तेव्हा मंडळी, पेटीच्या तळाशी ठेवलेली बासरी, सुईदोरा, रंगाची डबी बाहेर काढा. रोज वीस मिनिटं पुरेत, पण खाडा नको. आणि एक करा: पहिले पंधरा दिवस कुणालाही दाखवू नका, आणि स्वतःलाही नावं ठेवू नका.