एकोणीस पायऱ्यांवरचं रान

प्रवासवर्णन म्हटलं की आगगाडी, बोगदे, दशम्यांचा डबा आणि खिडकीच्या जागेवरून भांडण हे सगळं आलंच. आज मात्र मी तुम्हांला जिथं नेणार आहे, तिथं जायला तिकीट लागत नाही. साताऱ्यात माझ्या मामांचं घर आहे. मागच्या दारानं बाहेर पडायचं, चपला काढायच्या आणि जिना चढायचा. पायऱ्या मोजून एकोणीस. वर पोचलात की समोर अजिंक्यतारा आणि पायाशी रान! त्यात वड आहे, पिंपळ आहे, दोन उंबर आहेत, चिंच आणि डाळिंब आहे. सगळी मिळून चौदा झाडं. त्यांतलं सर्वांत उंच झाड तुमच्या गुडघ्याला लागेल.

ओळखलंत ना? ही आहेत बोन्साय. मराठीत काहीजण वामनवृक्ष म्हणतात. जपानी भाषेत ‘बोन’ म्हणजे उथळ तबक आणि ‘साय’ म्हणजे लावणं. तबकात लावलेलं झाड, एवढाच साधा अर्थ. ही कला जपानची म्हणून आपण ओळखतो, पण तिचं माहेर चीन. चीनमधल्या एका राजपुत्राच्या थडग्यात इ. स. ७०६ च्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत. त्यांत सेवकांच्या हातांत झाडं लावलेली तबकं दिसतात. म्हणजे आपल्या शिवरायांच्या आधी सुमारे नऊशे वर्षं!

माझे मामा एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. दिवसभर ग्रीस आणि इंजिनं, आणि संध्याकाळी ही झाडं. मोटारीच्या वाइंडिंगची जुनी तांब्याची तार ते जपून ठेवत आणि फांद्यांना वळण द्यायला वापरत. दोन वर्षांपूर्वी मामा गेले. मामेबहीण बंगळूरला नोकरीला. ओळखीचे एक गृहस्थ सगळ्या कुंड्या एकदम विकत घ्यायला तयार होते. मामीचे गुडघे दुखतात, ती काही रोज जिना चढू शकत नाही. त्या दिवाळीत ती मला म्हणाली, “तुझं घर जवळ आहे. वर्षभर तू बघ. जगली तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू. डोळ्यांदेखत वाळलेली मला बघवायची नाहीत.”

आता मला माहीत होतं ते एवढंच, की झाडाला पाणी लागतं! बाकी सगळं नवीन. पण मामांनी आणखी एक वारसा मागं ठेवला होता. दोनशे पानी वही. प्रत्येक झाडाला एक पान. कधी लावलं, माती कधी बदलली, तार कधी बांधली आणि कधी सोडली, सगळ्याला तारीख. गाड्यांचं सर्व्हिसिंग लिहावं तसं. मी रोज शाळेच्या आधी अर्धा तास ती वही घेऊन वर जाऊ लागले.

पहिला धडा पाण्याचा. ‘रोज एक तांब्या’ असा नियम इथं चालत नाही. बोट मातीत एक पेर खाली घालायचं. ओल लागली तर थांबायचं, वरची माती सुकायला लागली असेल तर झारीनं हळूहळू पाणी घालायचं. किती? तर तबकाच्या खालच्या भोकांतून पाणी बाहेर पडेपर्यंत. थंडीत माझ्या वडाला दोन-दोन दिवस पाणी लागायचं नाही, आणि एप्रिलमध्ये तोच वड सकाळ-संध्याकाळ पाणी मागायचा. वेळापत्रक आपल्या भिंतीवर असतं, झाडाचं वेळापत्रक त्याच्या मातीत असतं.

दुसरा धडा मातीचा. बागेतली चिकण माती तबकात घातली तर पाणी साचतं आणि मुळं कुजतात. म्हणून मामा विटांचे बारीक तुकडे, जाडी वाळू, थोडी माती आणि कुजलेलं शेणखत असं मिश्रण करत. सगळं चाळणीनं चाळायचं. वरचे मोठे खडे बाजूला आणि खालची धूळही फेकून द्यायची. पाणी झरझर निघून गेलं पाहिजे आणि मुळांना हवाही मिळाली पाहिजे.

जानेवारीत मी माझ्या चौथीच्या वर्गाला ही झाडं दाखवायला आणलं. पोरं रांगेत उभी राहून बघत होती. एका मुलीनं मात्र तोंड पाडलं. “बाई, वड केवढा मोठा असतो! ह्याला असं कोंडून ठेवलंय. ह्याला त्रास नाही का होत?”

तुमच्याही मनात हा प्रश्न आला असेल. मी तिला किल्ल्याकडे बोट दाखवलं. बुरुजांच्या भेगांत पिंपळ-उंबर उगवतात. ओंजळभर मातीवर ती रोपं वर्षानुवर्षं गुडघ्याएवढीच राहतात, पण जगतात. निसर्गही बोन्साय करतो. उपाशी ठेवून बोन्साय होत नाही. त्याला खत, ऊन, पाणी सगळं द्यावं लागतं. शेंडे खुडून आणि मुळं छाटून फक्त त्याचा आकार आवरायचा. एक फरक मात्र मोठा आहे. जमिनीतला वड पाण्याच्या शोधात मुळं लांबवर पाठवतो. ह्या वडाला तबकाबाहेर जाताच येत नाही. उन्हाळ्यात दोन दिवस कुणी फिरकलं नाही, तर तो मरेल. ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग सुट्टीच्या दिवशी कोण येतं?” मी म्हटलं, “मीच!” तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.

आता जरा नकाशा उघडा. जपानची राजधानी टोकिओ सापडली? तिच्या उत्तरेला साइतामा नावाचं शहर आहे, त्यात ओमिया हा भाग. इथं चक्क बोन्सायचं गाव आहे. १९२३ साली टोकिओ परिसरात भयंकर भूकंप झाला, आगी लागल्या. तिथल्या बोन्साय करणाऱ्या माळ्यांनी मोकळी जागा, चांगलं पाणी आणि स्वच्छ हवा शोधत ओमिया गाठलं आणि १९२५ मध्ये हे गाव वसवलं. गावात राहायचं तर नियम होते. प्रत्येक घरात किमान दहा बोन्साय हवीत. फाटक लोकांसाठी उघडं हवं. भोवती विटांची भिंत नको, झाडांचं कुंपण हवं. आणि घर दुमजली बांधायचं नाही! दुसऱ्या महायुद्धात बोन्साय म्हणजे चैन ठरली, कितीतरी बागा बंद पडल्या. आज तिथं मोजक्याच बागा उरल्या आहेत, पण त्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. २०१० पासून तिथं बोन्सायचं संग्रहालयही आहे. आमची गच्ची चौदा झाडांची. दहाच्या नियमात ती अगदी आरामात बसली असती!

इकडे फाल्गुन आला आणि माझी परीक्षा सुरू झाली. पिंपळाची पानं पिवळी पडू लागली. आठवड्याभरात सगळी गळाली. उरला तो नुसता सांगाडा. हा पिंपळ साधासुधा नव्हे. १९८७ साली मामांनी तो घराच्या मागच्या भिंतीतून अलगद काढला होता. मामेबहिणीचा जन्म त्याच वर्षीचा. मामी एकेक पायरी चढत वर आली, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, “हा गेला वाटतं त्यांच्यामागं.”

मी पिंपळाजवळ बसले. एका बारीक फांदीची साल नखानं अगदी हलकेच, तिळाएवढी खरवडली. झाड मेलं असेल तर आत कोरडं, तपकिरी दिसतं. आत हिरवं होतं! ओलं, हिरवंगार. मग वही उघडली. पिंपळाच्या पानावर जवळजवळ दरवर्षी फाल्गुनातली एक नोंद होती: पानगळ. आणि तिच्यापुढं चैत्रातली दुसरी: पालवी. मुलांनो, रस्त्यावरचा मोठा पिंपळही ह्याच दिवसांत पानं टाकतो, आपण बघितलेलं असतं. तबकातलं झाड लहान झालं म्हणून पंचांग विसरत नाही. मी ते पान मामीला दाखवलं. तिनं चष्मा लावून सगळ्या तारखा वाचल्या. पाडव्याच्या आसपास पिंपळाला तांबूस, चकचकीत पालवी फुटली. त्या दिवशी मामी गुडघ्यांची तक्रार न करता दोनदा वर आली.

ह्यावरून मला एका दुसऱ्या झाडाची हकिगत आठवते. जपानमध्ये हिरोशिमा शहरात यामाकी नावाचं बोन्साय करणारं कुटुंब होतं. त्यांच्याकडे पांढऱ्या पाइनचं एक बोन्साय होतं, १६२५ पासून जोपासलेलं. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. तिथून यामाकींचं घर साधारण तीन किलोमीटरवर. घराच्या काचा फुटल्या, माणसांना किरकोळ जखमा झाल्या. बागेभोवतीच्या भिंतीआड ते झाड बचावलं. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा जपाननं भेट दिलेल्या बोन्सायमध्ये मासारू यामाकींनी हेच झाड दिलं. ज्या देशानं बॉम्ब टाकला, त्याच देशाला! ते आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. गंमत म्हणजे त्याची ही कथा तिथल्या लोकांना माहीतच नव्हती. २००१ मध्ये यामाकींचे नातू आजोबांचं झाड बघायला आले, तेव्हा ती कळली. २०२५ मध्ये त्या झाडाच्या जोपासनेला चारशे वर्षं पूर्ण झाली. विचार करा, ४०० वर्षांत त्याला पाणी घालणारे किती हात बदलले असतील! त्यांतला प्रत्येकजण कधीतरी नवशिकाच असणार.

वैशाखात मी झाडांवर हिरवी जाळी बांधली, कारण दुपारी गच्चीची फरशी पाय भाजण्याइतकी तापते. मग पाऊस आला. वड-पिंपळ-उंबरांची माती बदलायला आपल्याकडे हेच दिवस चांगले. दोन-तीन वर्षांनी एकदा झाड तबकातून उचलायचं, काडीनं मुळं मोकळी करायची, बाहेरची साधारण एक तृतीयांश छाटायची आणि नव्या मातीत बसवायचं. भोकांवर जाळीचा तुकडा ठेवायला विसरायचं नाही. नंतर दोन आठवडे सावलीत. वडाचं मूळ छाटलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. तार बांधली असेल तर ती सालीत रुतायच्या आधी कापून काढायची, ओढून सोडवायची नाही.

आणि हो, ही झाडं टीव्हीशेजारी ठेवायची शोभेची वस्तू नव्हे. त्यांना उघड्यावरचं ऊन-वारा हवा. पाहुणे आले तर दिवसभर घरात, रात्री परत गच्चीवर.

एक कोडं घालते. बोन्सायची पानं हळूहळू लहान होतात. मग फळंही लहान होत असतील का? आमच्या डाळिंबाला श्रावणात एकच फळ धरलं आणि ते वाढता वाढता चांगलं मोठं झालं. फांदी वाकली, खाली काडीचा टेकू द्यावा लागला. बोन्सायची फुलं-फळं लहान होत नाहीत. पोरं त्या झाडाला ‘डोक्यापेक्षा पागोटं मोठं’ म्हणत.

दिवाळी आली, वर्ष पुरं झालं. चौदाच्या चौदा झाडं उभी होती. ते गृहस्थ पुन्हा विचारायला आले. मामीनं त्यांना चहा दिला, फराळ दिला आणि म्हणाली, “झाडं वर आहेत, बघून या. विकायची मात्र नाहीत.” वहीतल्या नोंदी आता तीच करते. मी खाली येऊन सांगते, ती लिहिते. माझं अक्षर बरं असूनही ती वही माझ्या हाती देत नाही!

तुम्हांलाही असं रान हवंय? तबक, तार विकत आणायची घाई नको. येत्या पावसाळ्यात घराच्या कठड्यावर, पन्हाळीत, भिंतीच्या भेगेत बघा. पिंपळाचं किंवा उंबराचं एखादं रोपटं नक्की सापडेल. मोठ्यांना सोबत घ्या, मुळासकट अलगद काढा आणि साध्या कुंडीत लावा. पहिली दोन-तीन वर्षं त्याला मोकळेपणानं वाढू द्या, खोड जाड होऊ द्या. मग त्याला तबकात आणू. तोवर एक वही घ्या, पहिल्या पानावर झाडाचं नाव लिहा आणि शेजारी तारीख घाला.