रेघ

परवा रे रोडला उतरले आणि दारुखान्याकडून जळक्या लोखंडाचा वास आला. 2025 मध्ये खुल्या झालेल्या केबलच्या पुलाकडे मान वर करून बघत होते. त्या ताठ तारा बघताना हात आपसूक डाव्या डोळ्यावर गेला. ही बाबांची सवय.

दारुखान्यात जहाजं तोडतात. बाबा पत्र्यावर खडूने रेघ मारून द्यायचे, कटरवाला त्या रेघेवरून ज्योत फिरवायचा. डावा डोळा ठिणगीने आधीच अधू झालेला, त्यात उजव्याचा पडदा सरकला. ऑपरेशनात डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो. माणूस पालथा राहिला तर तो मागच्या पडद्याला दाबून धरतो. दहा दिवस बाबा खोलीत पालथे. चहासुद्धा स्ट्रॉने.

बुडबुडा विरल्यावर त्यांनी फरशीच्या सांध्यावर बोट ठेवलं.

"ही सरळ आहे काय गो?"

"सरळच आहे, बाबा."

ते गप्प झाले. बोट मात्र मधेच वळलं होतं.

तपासणीत तक्त्यावरची अक्षरं त्यांनी बरीच खालपर्यंत वाचली. कुणीतरी फॉर्मवर 'समाधानी'पुढे खूण केली, त्यांना न विचारता. तो राग माझ्या मनातून अजून जात नाही. तसे बाबा समाधानी होतेही. अंधार टळला होता, आमचे चेहरे दिसत होते. पण खडू त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही.

पुढे कधीतरी वाचलं. पडद्याचं भोक बंद केलं की सुटलेला पडदा परत चिकटतो, हे लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिलं. त्याआधी पडदा सुटला की बहुतेकदा डोळा गेलाच. त्यांचेच शिष्य मार्क आम्स्लर. त्यांनी चौकटींचा कागद रूढ केला: मधल्या ठिपक्याकडे बघा आणि सांगा, रेघा सरळ दिसतात का? हा प्रश्न विचारणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. फरशीवरचं ते बोट त्याला लगेच कळलं असतं.

आईला कळलं होतं. सकाळी ती उंबऱ्याशी ठिपक्यांची रांगोळी काढायची, बाबा शेजारी बसायचे. "ही वाकडी गेली," म्हणायचे. आई ती रेघ पुसायची, ते सांगतील तशी वळवून काढायची, "आता?" विचारायची. त्यांनी मान हलवली की पुढची.

चाळीतल्या बायका जाता-येता थांबायच्या. "आज हात हलला काय वहिनी?"

आई हो म्हणायची.