नाव सोडलेले पाणी

नातवंडांच्या आग्रहाने जर्मनीत डॅन्यूब नदीवरच्या बोटीत बसलो. पासाऊ या छोट्या शहरी बोट दिवसभर थांबली. तेथे तीन नद्यांचा संगम आहे. दलदलीतून येणारी इल्झ काळसर, आल्प्सच्या बर्फाचे पाणी आणणारी इन फिकट हिरवी, आणि मधली डॅन्यूब. थोडे अंतर रंग वेगळे दिसतात, मग सारे एक. नवल असे की, इनचे पाणी सरासरीने डॅन्यूबपेक्षा अधिक. तरी पुढे समुद्रापर्यंत नाव चालते ते डॅन्यूबचेच.

माउली, परमार्थात हेच अवघड. गळ्यातली वीणा उतरते. पण सप्ताहाच्या पत्रिकेत आपले नाव शोधणारी नजर काही उतरत नाही.

आमच्या मांजरीची मुळा-मुठा भीमेला मिळते, तेथे तिचे नाव संपते. तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. म्हणजे आमच्या दारचे पाणी नाव टाकूनच विठुरायाच्या पायाशी जाते. पण आपण त्यात सोडलेली घाण त्याला टाकता येत नाही. तीही त्याच वाटेने निघते. पुलावरून निर्माल्याची पिशवी फेकण्याआधी एवढे आठवावे.

राम कृष्ण हरी.