वरची ओळ

नागपूर

चि. ताई,

कपाशीच्या वेचणीचा हिशेब ठेवणारा तुझा पहिला प्रोग्राम आंजी गावच्या घरी विंडो उघडण्यापूर्वीच बंद पडतो, आणि विंडो बनवण्याचे पायथनमधील साधन पायसाइड काढून पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यात तुझा मोबाइलचा सगळा डेटा खर्ची पडतो, हे वाचून मनाला लागले. कारण या बिघाडाचा उगम तुझ्या लेखनात मुळीच नाही.

पायसाइड ज्या क्यूट या मूळ साधनावर उभे आहे, ते 1995 साली नॉर्वेतून प्रथम प्रसिद्ध झाले. एकच प्रोग्राम विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालावा हा त्याचा हेतू असल्यामुळे, पडद्याशी प्रत्यक्ष व्यवहार करण्याचे काम ते त्या त्या प्रणालीपुरत्या नेमलेल्या प्लगिनवर सोपवते, आणि तुझ्या उबुंटूवर हा मुखत्यार म्हणजे ‘एक्ससीबी’. तुझ्या प्रोग्राममध्ये ‘क्यूअ‍ॅप्लिकेशन’ निर्माण होताच त्याला बोलावणे जाते. तो स्वतः हजर असतो, परंतु ज्या लायब्रऱ्यांवर त्याची भिस्त, त्यांतील एक जरी गैरहजर असली तरी त्याला कामावर रुजू होता येत नाही. ‘प्लगिन सापडला, तरी लोड करता आला नाही’ हे त्रुटी-संदेशातील विधान तुला विसंगत वाटले, तरी ते अक्षरशः खरे आहे.

तू पाठवलेल्या छायाचित्रात केवळ शेवटच्या ओळी आल्या आहेत, आणि प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल केल्यास अडचण दूर होऊ शकेल असा सल्ला त्यांतच आहे. तो येथे निरुपयोगी आहे; हवी असलेली लायब्ररी पायसाइडबरोबर येतच नाही, ती उबुंटूकडूनच मागवावी लागते. क्यूटच्या 6.5.0 या आवृत्तीपासून ‘लिबएक्ससीबी-कर्सर0’ आवश्यक झाली असून, तसा स्पष्ट दाखला त्याच संदेशाच्या वरच्या ओळीत बहुधा असतो. पायथनचा ट्रेसबॅक खालून वर वाचण्याची तुझी सवय योग्यच, मात्र क्यूटचा हा संदेश वरून खाली वाचावा. ‘एप्ट’ने ती एवढीशी लायब्ररी बसवून पाहा. तरीही विंडो न उघडल्यास ‘क्यूटी_डीबग_प्लगिन्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 1 ही किंमत देऊन प्रोग्राम चालव, आणि एक्ससीबीच्या फाइलवर ‘एलडीडी’ आज्ञा देऊन ‘नॉट फाउंड’ असा शेरा कोणत्या नावापुढे पडतो ते पाहा.

विंडो क्षणभर चमकून नाहीशी झाली, तर ते प्रकरण निराळे: शेवटी ‘एक्झेक’ला हाक मारायची राहिली असेल.

तुमच्या वर्ध्यात 1937 च्या ऑक्टोबरात भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी मानले. मला विचारशील तर, बिघाडाचे कारण स्वतः शोधून काढणे हाच या विद्येतील हस्तोद्योग आहे. तयार उत्तर उतरवून घेणाऱ्याची विंडो उघडते खरी, पण पुढच्या बिघाडाला तो पुन्हा परावलंबीच राहतो. लिनक्सच्या आज्ञांची ओळख कच्ची वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ अवश्य ऐक.

यापुढे छायाचित्र पाठवू नकोस. टर्मिनलमधील सर्व मजकूर, पहिल्या ओळीपासून, जसाच्या तसा पाठव.

तुझा,
मामा