पहिला अभिप्राय

नवें पुस्तक हातीं आलें म्हणजे आपण प्रथम त्याचें वेष्टन पाहतों. वेष्टनाच्या मागील बाजूस बारीक टाइपांत कांहीं जाणत्या लोकांचे अभिप्राय छापलेले असतात. कोणी लिहितो, कीं पुस्तक संपेपर्यंत खालीं ठेववलें नाहीं; कोणी त्यास त्या वर्षांतील सर्वोत्कृष्ट कृति ठरवितो. पुस्तक बाजारांत येण्यापूर्वींच ही स्तुति गोळा झालेली असते. पुढें वृत्तपत्रांतून 'पोंच व अभिप्राय' या सदराखालीं जें छापून येतें त्यांत मात्र स्तुतीबरोबर निंदाहि असते. या दोन्ही प्रकारच्या पहिल्या अभिप्रायांविषयीं चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें. त्यास निमित्त मिळालें तें आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत.

ग्रंथालयांत एक वही ठेवलेली आहे. वाचलेल्या पुस्तकावर मुलींनीं आपला अभिप्राय तींत लिहावा असा परिपाठ आहे. गेल्या सत्रांत एका मुलीनें 'रिबेका' या इंग्रजी कादंबरीवर चार ओळी लिहिल्या. ओळी सुंदर होत्या; इतक्या सुंदर, कीं मला संशय आला. पुस्तक काढून पाहतें तों त्या चारहि ओळी म्हणजे वेष्टनावरील मजकुराचें मराठी रूप! मुलीस रागें भरावें म्हणून मीं तिला बोलावणें धाडलें. ती दारांत येऊन खालीं मान घालून उभी राहिली, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. कारण तिच्याच वयाची असतांना मीं याहून मोठा अपराध केला होता. तो आज येथें सांगावयाचा आहे. परंतु त्याआधीं या 'रिबेके'ची हकीकत सांगितली पाहिजे.

'रिबेका' ही डॅफ्ने ड्यू मॉरिए या इंग्रज लेखिकेची कादंबरी. बाईंचा जन्म १९०७ सालीं लंडन येथें झाला. आजोबा चित्रकार व कादंबरीकार, वडील नामांकित नट. तेव्हां गोष्ट रचण्याचें वळण घरांतच होतें. १९३७ सालीं त्यांचे पति सैन्यांतील अधिकारी म्हणून मिसर देशांत अलेक्झांड्रिया येथें होते. तेथील उकाड्यांत, आपल्या आवडत्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्याची आठवण काढीत, बाईंनीं ही कादंबरी लिहावयास घेतली. पहिले पंधरा हजारांच्या आसपास शब्द त्यांस पसंत पडले नाहींत. ते फाडून टाकून त्यांनीं पुन्हां आरंभ केला. विलायतेस परत आल्यावर पुस्तक पुरें झालें, आणि १९३८ च्या ऑगस्टमध्यें लंडनचे प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ यांनीं तें प्रसिद्ध केलें.

कथानक थोडक्यांत सांगतें. रहस्य सांगत नाहीं, कारण तें वाचकाचें धन आहे. एक गरीब, लाजाळू तरुणी एका श्रीमंत अमेरिकन बाईची सोबतीण म्हणून माँटे कार्लो येथें आलेली असते. तेथें मॅक्सिम द विंटर या विधुर गृहस्थाशीं तिची गांठ पडते, आणि थोड्याच दिवसांत ती त्याची पत्नी होऊन मॅण्डर्ली नांवाच्या त्याच्या विस्तीर्ण वाड्यांत येते. वाड्यांत सर्वत्र पहिल्या पत्नीची, रिबेकेची, छाया पसरलेली आहे. मेजावरील कागदांत तिचें अक्षर, जुन्या कोटाच्या खिशांत तिचा रुमाल, नोकरांच्या तोंडीं तिची शिस्त. आणि मिसेस डॅन्व्हर्स ही घरची कारभारीण तर मृत मालकिणीची जणूं पूजाच मांडून बसलेली! चमत्कार असा, कीं जिचें नांव पुस्तकास दिलें आहे ती रिबेका कथा सुरू होण्यापूर्वींच वारलेली आहे, आणि जी सर्व कथा सांगते तिचें स्वतःचें नांव शेवटपर्यंत कळत नाहीं.

छापून येण्यापूर्वीं ज्यांनीं ही कादंबरी वाचली त्यांनीं तिच्या यशाची ग्वाही दिली होती. प्रकाशकांनीं उत्कंठा वाढविणारी सुंदर प्रेमकथा म्हणून तिची जाहिरात केली व पहिली आवृत्ति २०,००० प्रतींची काढली. एका महिन्यांत त्याच्या दुपटीहून अधिक प्रति खपल्या. विद्वान् टीकाकारांचा सूर मात्र निराळा पडला. 'टाइम्स' पत्राच्या मतें कथेची सामग्री अगदीं सामान्य होती, आणि करमणुकीच्या स्वस्त गोष्टींपलीकडे तींत कांहीं नव्हतें. व्ही. एस्. प्रिचेट हे मोठे मार्मिक लेखक. त्यांनीं १४ सप्टेंबर १९३८ च्या 'ख्रिश्चन सायन्स मॉनिटर' पत्रांत भाकीत केलें, कीं हें पुस्तक लोक लवकरच विसरून जातील.

भाकिताचें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. अमेरिकेंतील पुस्तकविक्रेत्यांनीं १९३८ सालची आपली आवडती कादंबरी म्हणून 'रिबेके'चीच निवड केली. १९४० सालीं आल्फ्रेड हिचकॉक यांनीं तिच्यावर बोलपट काढला, आणि त्या वर्षीचा उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्यास अमेरिकेंत ऑस्कर पारितोषिक मिळालें. १९६५ पर्यंत पुस्तकाच्या अठ्ठावीस लाख प्रति खपल्या होत्या. आपल्याकडे १९६४ सालीं याच कथेवरून 'कोहरा' हा हिंदी चित्रपट निघाला, आणि त्यांत त्या भयंकर कारभारणीच्या जागीं आपल्या ललिता पवार उभ्या राहिल्या. बाई १९८९ सालीं वारल्या. पुस्तक अजून छापलें जातें आणि वाचलें जातें.

येथें कोणी म्हणेल, "म्हणजे टीकाकार मूर्ख आणि स्तुति करणारे शहाणे!" मला तसें म्हणावयाचें नाहीं. ड्यू मॉरिए बाईंस आपलें पुस्तक प्रेमकथा म्हणून गाजावें हेंहि आवडलें नव्हतें. आपण मत्सराचा अभ्यास मांडला आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. एक मनुष्य सामर्थ्यवान् आणि दुसरें दुबळें अशा दोघांचा संसार कसा होतो, हें त्यांस दाखवावयाचें होतें. स्तुति करणाऱ्यांपैकीं थोड्यांच्याच तें ध्यानांत आलें. 'टाइम्स'च्या टीकाकारानें पुस्तक कोणत्या वर्गांतलें तें पाहिलें व तो वर्ग हलका म्हणून नाक मुरडलें. जाहिरात करणाऱ्यांनींहि वर्गच पाहिला व तो खपणारा म्हणून टाळ्या पिटल्या. पुस्तकांतील ती बिननांवाची मुलगी दोघांच्याहि दाराबाहेर तशीच उभी राहिली.

असाच प्रकार त्यापूर्वीं नव्वद वर्षें घडला होता. १८४७ च्या ऑक्टोबरांत 'जेन एअर' ही कादंबरी करर बेल या टोपणनांवानें प्रसिद्ध झाली. तींतहि एक वाडा, एक गरीब मुलगी व वरच्या मजल्यावरील एक रहस्य आहे. प्रख्यात कादंबरीकार थॅकरे यांचा ती वाचण्यांत कामाचा सबंध दिवस गेला, आणि तसें त्यांनीं प्रकाशकांस मोकळेपणानें कळविलें. उलट १८४८ च्या डिसेंबरांत 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या वजनदार त्रैमासिकानें पुस्तक ख्रिस्ती वृत्तीस सोडून असल्याचा ठपका ठेवला, आणि लेखक स्त्री असल्यास तिच्या चारित्र्यावरहि शिंतोडे उडविले. लेखास सही नव्हती. तो एलिझाबेथ रिग्बी या स्त्रीनेंच लिहिला होता हें मागाहून कळलें. आणि करर बेल म्हणजे कोण? यॉर्कशायरमधील हॉवर्थ गांवच्या धर्मोपदेशकाची कन्या, शार्लट ब्रॉण्टी! त्याच महिन्यांत तिची बहीण एमिली मरण पावली होती. लेखणी उचलणारास समोरच्या घरांत काय चाललें आहे हें दिसत नसतें.

आतां माझी गोष्ट. मी नववींत होतें. आमच्या वर्गाचें एक हस्तलिखित मासिक निघत असे आणि मी त्याच्या संपादक मंडळांत होतें. अक्षर बरें, भाषा बरी, आणि गर्व त्याहून बरा! आमच्या वर्गांत एक अबोल मुलगी होती. मधल्या सुटींत ती कोपऱ्यांत बसून लिहीत असे. एके दिवशीं तिनें एक दोनशें पानी वही माझ्यापुढें ठेविली व म्हणाली, "अग, मीं कादंबरी लिहिली आहे. तूं वाचून अभिप्राय देशील का?" कोंकणांतील एक जुना वाडा, बंद असलेली माडी, रात्रीं तींत दिसणारा दिवा, आणि नवी सून, असा तिचा विषय होता.

मीं किती पानें वाचलीं असतील? नऊ. दहाव्या पानाशीं मला जेवावयास हांक आली, आणि पुन्हां वही उघडली नाहीं. मासिक मात्र दुसरे दिवशीं पुरें करावयाचें होतें. त्या दिवसांत मी वडिलांच्या वर्तमानपत्रांतील परीक्षणें वाचीत असे. त्यांतील भारदस्त शब्द माझ्या जिभेवर होते. ते सारे मीं त्या गरीब वहीवर रिकामे केले. कथानक शिळें, भाषा भडक, वाडा व दिवा हीं युक्तींची बाजारी खेळणीं, लेखिकेनें प्रथम चांगलें वाचावें व मग लिहावें. असें सारें मीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें व खालीं वळणदार सही केली. मासिक वर्गांत फिरलें. मुली हंसल्या. एकीनें तर माडीवरच्या दिव्याची नक्कल करून दाखविली. ती मुलगी कांहीं बोलली नाहीं. संध्याकाळीं तिनें वही मागून घेतली, दप्तरांत घातली व निघून गेली. पुढें सुटींत ती लिहितांना दिसली नाहीं. शाळा संपली; तिच्या वडिलांची बदली झाली.

पुष्कळ वर्षांनीं एका लग्नघरीं तिची भेट झाली. ती मोठ्या मायेनें बोलली. मुलाबाळांची चौकशी झाल्यावर मीं धीर करून विचारलें, "तुझी ती वही आहे का ग अजून?"

"ती होय? ती त्याच उन्हाळ्यांत बंबांत गेली," ती हंसून म्हणाली. मग थोडें थांबून तिनें विचारलें, "खरें सांग, तूं ती शेवटपर्यंत वाचली होतीस का?"

मीं "नाहीं" म्हटलें.

"शेवट चांगला साधला होता ग," ती म्हणाली. तिच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

त्या वाड्याच्या माडींत दिवा कोण लावीत होतें, हें मला आतां कधींच कळणार नाहीं. तिनें मला तें सांगितलें नाहीं, आणि तें विचारण्याचा माझा हक्कहि उरला नव्हता.

'रिबेके'च्या टीकाकारांविषयीं पुढें वाचलें तेव्हां ही वही माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली. कदाचित् माझी टीका खरीहि असेल. पण प्रिचेटसाहेबांचें भाकीत चुकलें तेव्हां लेखिकेचें कांहीं बिघडलें नाहीं. कारण तिच्यापाशीं दुसरे चाळीस हजार वाचक होते. माझ्या मैत्रिणीस वाचक एकच होता, आणि तो दहाव्या पानाशीं जेवावयास उठला होता. थोर लेखकाचें पुस्तक खोट्या अभिप्रायांतून तरून जातें. नवशिक्याची वही तरत नाहीं. म्हणून जितका लेखक लहान तितकी वाचणाराची जबाबदारी मोठी.

विद्यार्थिनींनो, लहानांस खोटी स्तुति द्या असें मी सांगत नाहीं; खोटी स्तुति म्हणजेहि न वाचल्याचीच खूण होय. पुस्तक आवडलें नाहीं तर तसें खुशाल लिहा. परंतु शेवटचें पान वाचून लिहा, लिहिणाराला काय साधावयाचें होतें तें ओळखून लिहा, आणि दुसऱ्याच्या तोंडचे शब्द उसने घेऊं नका. पालकांसहि एक विनंती आहे. मुलीच्या हातीं कादंबरी दिसली, कीं "टाक तें" असा पहिला अभिप्राय आपल्या तोंडून निघतो. तो देण्यापूर्वीं एक रात्र तें पुस्तक आपल्या उशाशीं ठेवावें. कदाचित् आपलाहि दिवा उशिरापर्यंत जळेल.

दारांत उभ्या असलेल्या त्या मुलीस मीं रागावलें नाहीं. बसवून घेऊन तिला हीच हकीकत सांगितली, आणि पुस्तक पुन्हां घरीं नेण्यास दिलें. पंधरा दिवसांनीं पाहिलें तों वहींतील चार ओळींवर तिनें काट मारली होती आणि खालीं स्वतःच्या वेड्यावांकड्या अक्षरांत लिहिलें होतें: "आरंभीं मला कंटाळा आला. मिसेस डॅन्व्हर्सची भीति वाटली. शेवटीं मला त्या नांव नसलेल्या मुलीचा थोडा राग आला. तो कां आला हें अजून कळलें नाहीं."

'टाइम्स'मध्यें छापण्याजोगा हा अभिप्राय नसेल. पण तो पुस्तक वाचून लिहिला होता. मीं त्याखालीं सही केली.